डाव्या हाताला

१

दिवेलागण झाली की शालन वाटीत करडईचं तेल कोमट करून घ्यायची आणि सासूच्या खाटेच्या पायथ्याशी बसायची. लग्न होऊन या घरात आल्यापासूनची कामं एकेक करून जावेच्या वाट्याला गेली, पण हे एक काम तिच्याकडंच राहिलं. छबूबाई खाटेवरून हुकूम सोडायची, "टाच सोडू नगंस. बोटांच्या मधी लाव." खुबा मोडून ती पडली त्याला तीन वर्षं होत आली होती. कमरेखालचं सगळं गेलं, जीभ तेवढी धडधाकट राहिली.

जमिनीला न लागलेले पाय तान्ह्या लेकराच्या पायांसारखे मऊ होतात. म्हातारीचे तळवे चोळताना शालनला दर वेळी राग यायचा. आता तर जास्तच, कारण तिच्या स्वतःच्या पायांची पार चाळण झाली होती. दीडएक वर्ष अनवाणी चालून, सगळी नर्मदा पायाखाली घालून ती चार दिवसांपूर्वीच पिंपळे सौदागरात परतली होती. उजव्या टाचेला एक आडवी भेग होती, मध्येच फाटा फुटलेली. अमरकंटकच्या थंडीत ती इतकी उलली, की शालननं राळ आणि मेण कढवून आत भरलं होतं. अजून तो काळा ठिपका भेगेत होता.

त्या संध्याकाळी तिचा अंगठा सासूच्या उजव्या टाचेवर अडखळला.

तिनं चिमणी जवळ ओढली. टाचेला आडवी भेग होती, मध्येच फाटा फुटलेली. तिच्या तळाशी काळं काहीतरी होतं. शालननं नखानं जरा उकरलं, तर राळेचा वास आला.

तिनं आपला पाय वळवून चिमणीपाशी आणला. टाच सपाट होती. नव्या नवरीच्या टाचेसारखी.

पडून पडून कातडी फुटली असेल, तिनं मनाशी म्हटलं. आणि माझी तेलानं भरून आली असेल. चार दिवसांत इतकी भरत नाही, हे तिलाही कळत होतं. पण आपलंच मन आपल्याला समजूत घालायला लागलं, की माणूस मुकाट ऐकून घेतं.

"काय बघतीस?"

"काय न्हाई, आत्याबाई."

"मग चोळ की जोर लावून. पाय लई ठणकत्यात. चालणं का थोडंथोडकं झालं?"

शालननं दुसरा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागली.

२

या परिक्रमेची सगळी गोष्टच कडू होती, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

शालनचा नवरा लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा पटकीत गेला. मागं एक मुलगी राहिली, हौसा. पुढचे दोन दात पडायच्या वयालाही ती पोहोचली नाही. तिच्या दातांत मुळातच फट होती, हसली की जीभ त्यातून डोकवायची. तिसरं संपता संपता तिची छाती भरली. नदीपलीकडं पिंपरीला तेव्हा औषधाच्या कंपनीच्या भिंती नुसत्या उभ्या राहत होत्या. "पुण्याला नेऊ या," शालननं सासूचे पाय धरले. छबूबाई म्हणाली, "पोरीची जात हाय, चिवट असती. हुईल बरी." तिसऱ्या दिवशी पोर गेली. पुढं कंपनी चालू झाली, दीर बबनराव तिथं कामाला लागला, आणि त्याच छातीच्या दुखण्यावरचं औषध तिथं बनतं म्हणून घरात कौतुकानं सांगायला लागला. शालन भाकरी थापत ऐकायची.

मग छबूबाईनं नवस बोलला. बबनला मुलगा होऊ दे, नर्मदामाईला पायी फेरी घालीन. मुलगा झाला, गणू. आणि नवस फेडायच्या आतच म्हातारी आडावर घसरून खुब्यात मोडली. गणूला पहिला ताप आला तसे सगळ्यांचे डोळे शालनकडं वळले. विधवा बाई, मागं ना पुढं. चालायला हिच्यापरीस मोकळं कोण?

नातवासाठी नवस सासूचा, मुलगा जावेचा आणि पाय शालनचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

पण वाटेत एक गोष्ट घडली, ती घरात कुणालाच माहीत नव्हती. हौसा गेल्यापासून शालनला तिचा चेहरा आठवायचा तो शेवटचाच, नाकपुड्या फुललेला, ओठ निळे पडलेला. आधीचा हसरा चेहरा किती केलं तरी येत नव्हता. नेमावर गावाच्या अलीकडं एका लहानशा घाटावर दुपारी तिनं हौसाचं झबलं पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं नाही, फुगून जरा वेळ तरंगलं. आणि तेवढ्यात तो चेहरा आला, दातांतल्या फटीसकट. तिथून पुढं तो गेलाच नाही. परिक्रमेत माई नेहमी उजव्या हाताला ठेवायची असते, म्हणून शालननं पोरीला डाव्या हाताला घेतलं, पाण्याकडं जाऊ नये म्हणून. डावा हात अंगापासून जरासा सुटा, बोटं अर्धी मिटलेली, अशी ती शेकडो कोस चालली. बरोबरच्या बायका म्हणायच्या, "हात दुखतो का गं?" ती हसायची. आयुष्यात इतकं सुख तिला कुणी दिलं नव्हतं.

परतल्यावर दोनच दिवसांनी, यात्रेच्या मावंद्याच्या दिवशी, गाव जेवायला बसायच्या आधी, भटजींनी तिला सासूच्या खाटेशी बसवलं. छबूबाईची ओंजळ खाली, शालनची वर. चाललेल्याचं फळ नवस बोलणाऱ्याच्या हातावर सोडायचं, तेव्हा नवस फिटतो.

"जे चाललात ते सगळं यांना दिलं, असं म्हणा," भटजी म्हणाले. "आणि शालनबाई, मनात काही मागं ठेवू नका. ठेवलेलं ज्याच्यासाठी नवस बोलला त्याला बाधतं."

शालन थांबली. तिचा डावा हात आपोआप मिटला. जाऊ कुसुमच्या मांडीवर गणू लाडवाचा तुकडा चोखत होता. त्या पोराचा काय दोष?

तिनं मूठ उघडली आणि पाणी सोडलं.

३

"मंडल्याच्या पुढं ती बाई भेटली बघ, आंधळी," छबूबाई एका सकाळी कुसुमला सांगत होती. "ज्वारीच्या कण्या दिल्या तिनं. मीठ न्हवतं. पर काय ग्वाड लागल्या!"

शालन चुलीपाशी बसली होती. तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

कुसुम हसली. "जाऊबाईंनी सांगितलं व्हय तुमास्नी?"

"ती काय सांगती? मी खाल्ल्या."

म्हातारी भ्रमली, कुसुम डोळ्यांनी म्हणाली. शालननंही तेच धरून चालायचं ठरवलं. बरोबरच्या बुवांनी मावंद्याला चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांत ही असेल. खाटेवर पडलेलं माणूस ऐकलेलं आपलंच मानतं.

पण मग तिनं ती आंधळी बाई आठवायला बघितली. मंडला आठवलं. घाट आठवला. पुढं एक झोपडी होती, दारात कोंबड्या... नव्हत्या का कोंबड्या? बाई आंधळी होती हे तिला आता सासूनं सांगितलं म्हणून माहीत होतं. कण्यांची चव जिभेवर आणायला गेली, तर जीभ कोरडी.

त्यानंतर रोज काही ना काही निघायला लागलं. समुद्राजवळची नाव, तिच्यात रडणारा म्हातारा. होशंगाबादला विंचू चावलेला. छबूबाई हसत हसत, हात हलवून हलवून सांगायची. तिच्या गालांवर उन्हाचा रापलेला रंग चढला होता, आणि खाट खिडकीपासून लांब होती. ती जे सांगेल ते शालनकडून गेलेलं असायचं. सांगून झाल्यावर शालन आत चाचपायची आणि तिथं काही नसायचं. दात पडल्यावर जिभेला हिरडी लागते तसं.

मनात एकच धास्ती होती. नेमावर अजून सासूच्या तोंडून आलं नव्हतं.

शालननं उपाय केला. हौसाच्या पायातले चांदीचे दोन वाळे होते, त्यांतला एक पोरीबरोबर मातीत गेला होता. दुसरा तिनं ट्रंकेतून काढला आणि लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधला. सकाळी उठल्या उठल्या गाठ चाचपायची आणि म्हणायचं, हौसा. दातांत फट. जीभ डोकावते. डाव्या हाताला.

४

दुपारी घर रिकामं असायचं. बबनराव कंपनीत, कुसुम गणूला घेऊन मळ्यात. शालन माजघरात धान्य निवडत बसायची आणि छबूबाई पलीकडच्या खोलीत झोपायची.

नदीपलीकडून कंपनीचा भोंगा झाला. तो संपला, आणि त्याच्यामागं तिला पावलं ऐकू आली.

घराच्या मागून कुणीतरी चालत होतं. अनवाणी, जड, एक पाय जरा ओढत. परसातला वाळलेला पाला चुरडत होता. पावलं गोठ्याच्या अंगानं आली, भिंतीला लागून पुढं गेली आणि पुन्हा मागं वळली. आडाभोवती फेरी चालली होती. शालननं सूप खाली ठेवलं. एक फेरी. मग दुसरी. आड उजव्या हाताला ठेवून.

शेजारच्यांची म्हैस सुटली असेल, तिनं मनात म्हटलं. म्हैस अशी आडाभोवती फिरते का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

मग त्या जड पावलांच्या मध्ये दुसरा आवाज मिसळला. छुन. दोन पावलं, आणि छुन. लहान पाय मोठ्या पायांना गाठायला धावतात तसा. आवाज एकाच पायाचा होता.

तिला भीती वाटली नाही. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे, एवढंच तिला कळत होतं. कुठला, ते जिभेच्या टोकावर येऊन अडत होतं. ती उठली आणि मागचं दार ढकललं. आडाशी कुणी नव्हतं. रहाट हलत नव्हता.

ती सासूच्या खोलीत गेली. छबूबाई भिंतीकडं तोंड करून घोरत होती. अंगावरचं पांघरूण घोट्यापर्यंत होतं आणि तळव्यांना पाला चिकटला होता.

शालननं पाला एकेक करून काढला. कुसुमला बोलवावं, दाखवावं असं वाटलं. पण कुसुम म्हणेल, तुमीच लावला असंल. मावंद्याच्या जेवणावळीत सगळा मान म्हातारीला गेला, तुमाला राग आलाच असंल. आणि राग आला होता, हेही खरंच.

"शाले," छबूबाई डोळे न उघडता म्हणाली. "नेमावरच्या अलीकडं घाट लागतो. पाणी लई गार."

"आत्याबाई, ते नको." शालन खाटेशी खाली बसली. "ते एक मला ऱ्हाऊ द्या. बाकी समदं घ्या."

म्हातारी हसली. "दिलेलं मागत्यात का गं? मी का म्हणून देऊ? लई चांगली पोर हाय. बोट सोडत न्हाई माझं."

५

भटजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पंचांगाची पिशवी आवरली. "सोडलेलं उदक परत घेता येत नाही, शालनबाई. कन्यादान करून कुणी मुलगी परत मागतं का? आणि मागितलंत, अन् त्या पोराला काही झालं तर?" मग जरा मऊ होऊन म्हणाले, "चालून दमला आहात. मन थाऱ्यावर नाही. चार दिवस विसावा घ्या."

विसावा! शालनला त्यांच्या तोंडावर हसावंसं वाटलं.

परतताना ती खातूनबीकडं वळली. खातूनबी गावची सुईण. हौसाला पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनं.

"मावशी, माझ्या पोरीबद्दल सांग."

खातूनबीनं तिच्याकडं बघितलं आणि सुपातले तांदूळ बाजूला सारले. "काय सांगू, बेटी? पायाळू आली व्हती. तुला लई तरास दिला. काळीसावळी, पर डोळं काय सुरेख! माझ्या जहीरच्या सायकलच्या दुकानात बसून चाकं फिरवायची. हात काळं करून घरी यायची आन् तू मारायचीस."

"मी मारायची?"

"अगं व्हय. आन् मारल्यावर तूच रडायचीस." खातूनबीनं तिच्या गालाला हात लावला. "आठवत न्हाई?"

शालन ऐकत होती. शेजारणीच्या मुलीची गोष्ट ऐकावी तशी. मुलगी गोड होती, मेली हे वाईट झालं. तिला वाईट वाटलंही. पण ते पोटातून येत नव्हतं. तिनं पदराची गाठ घट्ट धरली आणि म्हणायला लागली, "हौसा. दातांत फट. जीभ..." पुढचं आलं नाही. "मावशी, जीभ काय करायची ती?"

"कोण?"

"ती. तू म्हणलीस ती."

खातूनबी उठली. आतून शेंगदाण्याचा लाडू आणून तिनं शालनच्या हातात ठेवला, आजाऱ्याला देतात तसा. शालन घरी निघाली. चालता चालता तिच्या लक्षात आलं, की आपला डावा हात सरळ खाली लोंबतोय, अंगाला चिकटून. बरं वाटलं तिला. इतके दिवस तो उगाच अवघडलेला असायचा.

६

दोन दिवसांनी शालन पवनेवर धुणं धुऊन परत येत होती. ऊन चांगलं तापलं होतं. कंपनीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. पिळ्यांची पाटी डाव्या कमरेवर घेऊन, डावा हात वरून आवळून ती परसाच्या कुडातून आत आली आणि थांबली.

छबूबाई आडाभोवती चालत होती.

वाकलेली, एक पाय ओढत, पण चालत होती. तीन वर्षं न उठलेली बाई. रापलेला चेहरा, उलून गेलेल्या टाचा, आड उजव्या हाताला. डावा हात अंगापासून जरासा सुटा होता आणि बोटं अर्धी मिटलेली होती. त्या बोटांना धरून कुणीतरी चालत होतं. म्हातारीच्या लुगड्याआड ते नीट दिसत नव्हतं. एक सावळा हात दिसला, तळव्याला वंगणाचं काळं लागलेला. एक उघडा पाय दिसला. आडाच्या पलीकडं गेल्यावर नुसती छुन ऐकू आली.

किंचाळावं असं शालनला वाटलं. सासू चालते आहे म्हणून. पण म्हातारीचा चेहरा इतका सुखाचा होता, की ते राहूनच गेलं. असं सुख तिनं कुठं तरी बघितलं होतं. कुणाच्या तरी चेहऱ्यावर. कुणाच्या, ते आठवेना.

फेरी पुरी करून त्या दोघी समोर आल्या. लुगड्याच्या घडीमागून पोरीनं मान काढली आणि शालनकडं बघून हसली. पुढच्या दातांत फट होती. तिच्यातून जीभ डोकावली.

"आये," पोर म्हणाली.

शालननं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"वळखलं न्हाईस?" छबूबाईनं विचारलं.

शालननं पोरीला निरखून बघितलं. गोड होती. "न्हाई बाई," ती म्हणाली. "कुणाची हो ही? गावातली न्हाई दिसत."

पोरीचं हसू तसंच राहिलं, पण जीभ आत गेली.

तेवढ्यात शालनचं लक्ष पोरीच्या पायांकडं गेलं. एकाच पायात वाळा होता. तिला एकदम काहीतरी आठवल्यासारखं झालं. पाटी खाली ठेवून तिनं पदर ओढला. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. ही गाठ कधी मारली, कशाला मारली? कुठं तरी सापडला असेल, कुणाचा तरी म्हणून बांधून ठेवला असेल. आतला वाळा तिनं तळहातावर घेतला आणि वाकून पुढं केला.

"घे गं बाळ. तुझाच दिसतोय. तुझी आई शोधत असंल."

पोरीनं वाळ्याकडं बघितलंच नाही. ती शालनच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. वाळा छबूबाईनं घेतला. वाकून तो पोरीच्या दुसऱ्या पायात घातला आणि तिचं बोट धरलं.

"चल," ती म्हणाली. "अजून लांब जायचंय."

शालननं पाटी उचलली. पिळे उलगडून, झटकून ती एकेक दोरीवर टाकायला लागली. मागं आडाभोवती पावलं वाजत होती, आता दोन्ही पायांची. गणूची अंगडी तिनं शेवटी टाकली, बाह्या नीट ओढून, सुरकुत्या राहू नयेत म्हणून.